उभट गोल

"इंजिनियर, मोर खाली बसलाय बघा," मेरगू अण्णा म्हणाले.

मी टेबलाखाली वायरी आवरत होतो. तीन तास झटून पडदा नुकताच ठिकाणावर आला होता आणि मला शाबासकीची अपेक्षा होती, तक्रारीची नव्हती. मी बाहेर येऊन पाहिलं. अण्णांनी एका जुन्या चादरीचं डिझाईन उघडलं होतं. चार कोपऱ्यांत चार मोर होते आणि मला तरी त्यांत काही खोट दिसेना.

"बसलाय म्हणजे काय झालं?"

"मान ताठ होती त्याची. आता बसकी वाटतीय. अंगानं पण सुटलाय. कोंबडीगत."

मी हसलो. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि मला फार लवकर हसू यायचं.

गोष्ट दोन हजार सहा सालची, सोलापूरची. अक्कलकोट रोडवर अंबादास चिलका यांचा चादरींचा कारखाना होता. खाली माग आणि वर डिझाईनची खोली. व्यंकटेश मेरगू, म्हणजे अण्णा, त्या खोलीत एकोणतीस वर्षं बसत होते. आधी आखीव कागदावर रंगाच्या पेन्सिली घेऊन आणि गेली सहा वर्षं कॉम्प्युटरवर. काम तेच होतं. चित्राचं एक बारीक घर म्हणजे कापडात एक उभा आणि एक आडवा धागा एकमेकांना छेदतात ती जागा. अण्णांनी घरं रंगवायची, त्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पडायची, त्या पट्ट्या मागावर चढायच्या आणि चादरीवर मोर उतरायचा. अण्णा मोजमाप करत नसत. डोळ्यांना बरोबर दिसलं की ते बरोबर, एवढाच त्यांचा हिशेब होता आणि एकोणतीस वर्षांत तो चुकला नव्हता.

मी कॉम्प्युटर दुरुस्त करत असे. डिप्लोमा होता, नवी पेठेत छोटं दुकान होतं आणि लिनक्स येणारा गावात मी एकटाच आहे अशी माझी समजूत होती. अण्णांच्या मशीनवर लिनक्सच होतं. ते गोडबोले नावाच्या एका माणसानं घातलं होतं. तो नंतर बंगळूरला गेला आणि चिलकाशेठ माझ्याकडे आले.

त्या आठवड्यात जुनं ग्राफिक्स कार्ड जळालं. मी मंगळवारी सकाळी नवीन बसवलं. मशीन सुरू झालं, पण पडद्यावर सगळं अवाढव्य दिसू लागलं. अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी, चित्र अर्धं बाहेर. कारण साधं होतं. कार्ड नवं आणि लिनक्स जुनं. दोघांची ओळखच नव्हती. असं झालं की लिनक्स कमीत कमी ठिपक्यांवर कसाबसा निभावून नेतं. आडवे आठशे, उभे सहाशे. त्यापुढे जायला त्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लागतो. मी तो दुकानातून पेनड्राइव्हवर आणला आणि चढवला. पडदा काळा झाला. अण्णांनी देवाचं नाव घेतलं. मी दुसऱ्या कमांडनं परत आत शिरलो, एक ओळ बदलली, पुन्हा सुरू केलं, आणि पडदा उजळला.

पडद्याची मांडणी ज्या फाईलमध्ये लिहिलेली असते ती गोडबोलेची जुनी फाईल मला तेव्हाच दिसली. त्यात त्यानं हातानं एक विचित्र ओळ लिहून ठेवली होती: बाराशे ऐंशी बाय सातशे अडुसष्ट. हे माप रुंद पडद्याचं. अण्णांच्या टेबलावर जुना काचेचा, जवळजवळ चौकोनी मॉनिटर होता. त्याला शोभणारं माप बाराशे ऐंशी बाय नऊशे साठ. सहा वर्षं हा माणूस चुकीच्या मापावर काम करत होता, सगळं उभं ताणलेलं बघत होता आणि कुणाला पत्ता नव्हता! मला गोडबोलेची कीव आली. मी त्याची ओळ बाजूला ठेवली आणि बरोबर माप घातलं.

"अण्णा, आता खरं दिसतंय," मी म्हणालो. "आधी चूक होती."

"चादरीवर तर मोर चांगला यायचा की."

"मोराचं काय, थोडा इकडे तिकडे झाला तर कुणाला कळतंय? हे बघा." मी पडद्यावर एक गोल काढला, खिशातला टेप काढून काचेवर लावला. आडवा धरला, मग उभा. "सहा इंच. सहा इंच. आहे का गोल?"

अण्णांनी चष्मा वर करून टेपवरचे आकडे वाचले. "आहे," ते म्हणाले.

"मग झालं तर. तुमच्या डोळ्यांना वाकड्याची सवय झालीय. दोन दिवसांत जाईल."

"तुम्ही म्हणताय तर असंल," अण्णा म्हणाले आणि त्यांनी मोर बंद केला.

जिन्यात चिलकाशेठ भेटले. गोदामातून येत होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"झालं का बिराजदार? बघा, हुबळीच्या मुलींच्या वसतिगृहाचा सुवर्णमहोत्सव आहे. दोन हजार चादरी, मधोमध त्यांचं चिन्ह. गोल, आत समई. शनिवारी त्यांच्या बाई नमुना बघायला येणार. बाई गणिताच्या मास्तरीण होत्या म्हणे. गोल म्हणजे गोलच पाहिजे."

"अण्णा काढतील की."

"काढायला पाहिजे." शेठ आवाज खाली आणून म्हणाले, "घरात चाललंय की आता अण्णांना विश्रांती द्यावी. सूनबाई इचलकरंजीला डिझाईन शिकून आलीय, घरी बसून काय करणार? मीच म्हणतोय, माणूस जुना आहे, साठ पुरी होऊ दे. पण शनिवारी काही वेडंवाकडं झालं तर मला बोलायला तोंड नाही. खुर्ची सूनबाईचीच."

वर खोलीच्या दाराशी अण्णा उभे होते. त्यांनी ऐकलं की नाही ते मला तेव्हा कळलं नाही. नंतर कळलं की हे त्यांना शेठनी आधीच तोंडावर सांगितलं होतं. शेठ तसे सरळ माणूस होते.

शुक्रवारी दुपारी शेठचा फोन आला. "नमुना निघाला. या जरा."

ऑफिसात टेबलावर चादर पसरली होती. मधोमध वसतिगृहाचं चिन्ह होतं आणि ते गोल नव्हतं. अंडं उभं धरावं तसं दिसत होतं. आतली समईही लांब मानेची झाली होती. शेठनी घोळ न घालता सरळ विचारलं.

"कॉम्प्युटरची चूक की अण्णांची? तेवढं सांगा."

"कॉम्प्युटरमध्ये चूक नाही," मी म्हणालो. "मंगळवारी मी स्वतः टेप लावून बघितलंय."

हे मी खोटं बोललो नाही. त्या क्षणी माझी तशी खात्री होती. तरी मन राखायला म्हणून म्हटलं, "मागात काही असेल. बघून येतो."

खाली मागांचा खडखडाट होता. अण्णा तिथेच उभे होते, मागावर उरलेल्या कापडावर हात ठेवून. मागांची देखभाल करणारे जॉबर इस्माईलभाई भिंग लावून धागे मोजत होते.

"एका इंचात ताणा चाळीस, बाणा बत्तीस," ते माझ्या कानात ओरडले. "कायम हेच असतंय. वर्षानुवर्षं. मागाची काय चूक नाय!"

"चाळीस आणि बत्तीस?" मी विचारलं. "उभे आणि आडवे धागे सारखे नसतात?"

इस्माईलभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चहा कशाचा करतात असं विचारलं होतं. "चादरीला कशाला सारखे असतील?"

मी भिंग मागून घेतलं आणि कापडावर वाकलो. धाग्यांची घरं दिसली. ती चौकोनी नव्हती. प्रत्येक घर रुंदीपेक्षा उंचीला जास्त होतं, पावपट जास्त. म्हणजे पडद्यावर चारशे घरं आडवी आणि चारशे उभी असा गोल काढला तर कापडावर तो दहा इंच रुंद आणि साडेबारा इंच उंच होणार. पडद्यावर गोल आणि चादरीवर अंडं.

मग गोडबोलेची ओळ आठवली. त्या काचेच्या मॉनिटरवर बाराशे ऐंशी बाय सातशे अडुसष्ट लावलं की पडद्याचा प्रत्येक ठिपका, म्हणजे चित्राचं प्रत्येक घर, उभट होतो. किती? पावपट. गोडबोलेनं भिंग लावून धागे मोजले होते आणि पडदा कापडासारखा करून ठेवला होता. त्यानं ते अण्णांना समजावलं नसावं. अण्णांना कागद सोडून पडद्यावर यायचं होतं, पडद्यावर जे दिसेल तेच चादरीवर आलं, आणि त्यांना त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. चूक एकच झाली होती आणि ती मी मंगळवारी केली होती.

मी वर गेलो. डिझाईनची खोली रिकामी होती, सगळे जेवायला गेले होते. मी बसलो, फाईल उघडली, गोडबोलेची ओळ परत घातली आणि पडदा बंद करून सुरू केला. तीन मिनिटांचं काम. माझा विचार असा होता की आधी दुरुस्त करावं आणि मग सगळ्यांना सांगावं. निदान मी स्वतःला आजवर तसंच सांगत आलो आहे.

मी उठतोय तोच शेठ आले. मागे त्यांची सून श्रीलता, आणि तिच्या मागे अण्णा.

"बिराजदार, मागाचं काय नाय ना?"

"नाही. माग ठीक आहे."

"मग श्रीलता, तू बस. अण्णांचं चित्र उघड. उद्या सकाळपर्यंत नमुना पाहिजे, आता मला कुणाचं मन बघायला वेळ नाही."

श्रीलता अवघडून बसली. खुर्ची अण्णांची होती, तिनं बसण्याआधी त्यांच्याकडे पाहिलं. अण्णांनी मान हलवून बस म्हटलं. तिनं चित्र उघडलं आणि माउसवरचा हात काढून घेतला.

"काय गं?" शेठनी विचारलं.

"मामा," ती हळू आवाजात म्हणाली, "इथंच उभट आहे की."

आम्ही सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. गोडबोलेच्या मापावर अण्णांचा गोल अगदी चादरीवरच्यासारखाच दिसत होता. उभं अंडं. लपण्यासारखं काही नव्हतं.

अण्णा पुढे झाले. त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हे मी काढलंय?"

"तुमचंच आहे अण्णा," श्रीलता म्हणाली. "बुधवारची तारीख आहे."

"बुधवारी हा गोल होता."

"अण्णा," शेठ म्हणाले, "चित्र काय आपोआप वाढतंय का? लहान पोराला दिसंल की हे उभट आहे. तुम्हाला कसं दिसलं नाही?"

"गोल होता मालक. मी दिवसभर त्याच्यासमोर बसलो होतो." अण्णा माझ्याकडे वळले. "इंजिनियर, तुम्ही टेप लावला होता की. तुमच्यासमोर गोल होता ना?"

मी बोलणार होतो. हे मी आज कुणाला पटवून देऊ शकत नाही, पण तोंड उघडलं होतं. त्याच वेळी शेठ म्हणाले, "त्यांना कशाला मध्ये घेता? बिराजदारांचं काम चोख आहे. परवाच मी मालकांच्या बैठकीत त्यांचं नाव सांगितलंय. नऊ कारखान्यांची मशीनं यांच्याकडे देतोय आपण."

नऊ कारखाने. माझ्या दुकानात तेव्हा दिवसाला एखादा माणूस यायचा, तोही बऱ्याचदा माउस घ्यायला.

"मंगळवारी मी एक गोल काढला होता, अण्णा," मी म्हणालो. "तो गोलच होता."

यातला शब्दन् शब्द खरा होता. अण्णांनी तो ऐकला आणि हळूच म्हणाले, "म्हणजे तुमचा गोल आला आणि माझा नाही आला."

श्रीलताला वाईट वाटत होतं, ते तिच्या पाठीवरून दिसत होतं. तिनं अण्णांचंच चित्र घेतलं आणि दीड तासात ते पडद्यावर गोल दिसेपर्यंत बसवून काढलं. अण्णा भिंतीला टेकून बघत होते. एकदा त्यांनी समईच्या ज्योतीकडे बोट दाखवलं, "तेवढी जरा डावीकडे कलती राहू दे, वारा असल्यासारखी," आणि तिनं ती कलती ठेवली. मी वायरींकडे बघत उभा होतो. वायरींमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं.

शनिवारी हुबळीच्या बाई आल्या. त्यांनी पर्समधून खरंच पट्टी काढली. आडवं मोजलं, उभं मोजलं आणि म्हणाल्या, "छान." समईची कलती ज्योत त्यांना विशेष आवडली. शेठनी श्रीलताचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "चित्र अण्णांचंच आहे, मी फक्त नीट केलं." हे सांगायचं धाडस तिला झालं, ते खोलीतल्या दुसऱ्या कुणालाही झालं नाही.

सोमवारपासून अण्णा कारखान्यात गेले नाहीत. शेठनी त्यांना शाल-नारळ दिला, सगळ्या कामगारांना जेवण घातलं आणि सगळं रीतीप्रमाणे केलं. मला बोलावणं होतं. मी सोलापुरात नाही असं कळवलं.

नऊ कारखान्यांचं काम मला मिळालं. तिथल्या प्रत्येक डिझाईनच्या मशीनवर मी आधी कापडाचे धागे मोजले आणि मग पडद्याचं माप बसवलं. मालक खूश झाले. मशीन आणि माग दोन्ही कळणारा माणूस, असं माझं नाव झालं. आजही मला लोक त्यासाठीच बोलावतात.

महिन्याभरानं अण्णा माझ्या दुकानात आले. दुपारची वेळ होती, दुकानात मी एकटा होतो. पांढराशुभ्र शर्ट, हातात कापडी पिशवी. मी उठून खुर्ची दिली. चहा सांगू का म्हटलं तर नको म्हणाले. पिशवीतून एक घडी घातलेला कागद काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. डोळ्यांच्या डॉक्टरचा कागद होता.

"तीन वर्षांपूर्वी जो नंबर होता तोच आहे," अण्णा म्हणाले. "मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही. डॉक्टर म्हणले, तुमचे डोळे तरण्याला लाजवतील. मी दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं पण तेच सांगितलं."

"चांगलं आहे की मग."

"कसलं चांगलं?" ते म्हणाले. "डोळे खराब असते तर मला समजलं असतं, आपले डोळे गेले. माणूस तेवढं धरून बसतो. आता मी काय धरू? नातीनं वहीत सूर्य काढून मागितला. मी वाटी ठेवून काढला, इंजिनियर. वाटी ठेवून. नुसत्या हातानं काढायला हात पुढं जाईना. काढला आणि मला गोल दिसला आणि खरा उभटच असला तर?"

रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. मी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

"तुम्ही मशीनमधलं ओळखता," अण्णा म्हणाले. "कुठली तार कुठं सुटली ते नेमकं सांगता. मला तेवढं सांगा. डोळे चांगले, हात कापत नाही, डोकं ठिकाणावर आहे. मग माझं बिघडलं कुठं?"

दोन वाक्यं लागली असती. अण्णा, तुमचं काही बिघडलं नाही. पडदा मी बदलला होता. मी ती मनात जुळवलीसुद्धा. मग पुढचं दिसलं. अण्णा शेठकडे जाणार, शेठ मला बोलावणार, आणि पुढच्या बैठकीत ते नऊ मालक बसलेले असणार. मला भीती वाटली. दुसरं काही कारण नव्हतं आणि आज इतक्या वर्षांनी दुसरं शोधायची माझी इच्छाही नाही.

"वयानं होतं, अण्णा," मी म्हणालो. "डोळे बघतात बरोबर, पण मेंदू थकतो. आपल्याला कळत नाही."

अण्णांनी माझ्या हातातून कागद परत घेतला. मग त्यांनी दीर्घ श्वास सोडला आणि खुर्चीत थोडे मागे टेकले. महिन्याभराचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला.

"असंच असणार," ते म्हणाले. "मला कुणी नीट सांगतच नव्हतं. डॉक्टर नाही, मालक नाही. जाणत्या माणसानं सांगितलं की बरं वाटतं."

मग त्यांनी चहा घेतला. कप खाली ठेवून कागद पिशवीत घातला, उठले आणि मला हात जोडले. मीही जोडले.